तडा गेल्यास

"मॅडम, ती साइट आधी बंद करा. बाकीचं मागनं बोलू."

बिराजदार साहेबांचा फोन सकाळी अकराच्या सुमाराला आला. ते आमच्याकडच्या एका धनुर्विद्या मंडळाचे सेक्रेटरी. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही कटकट करो, ते आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"काय झालं?"

"मंद्रूपची काजल. बाण सोडताना हातातच फुटला. आपल्या साइटवर वाचून दुरुस्त केलेला बाण व्हता म्हणं."

मी साइट बंद केली. त्याला एक बटण पुरतं. उभी करायला सात महिने लागले होते.

मी टेक्निकल रायटर आहे. म्हणजे पंपाबरोबर जी पुस्तिका येते आणि जी कोणी उघडत नाही, ती लिहिणारी बाई. पुण्यात पंधरा वर्षं तेच केलं, आता सोलापुरात घरून करते. सासरची माणसं 'टायपिंगचं काम करते' असं सांगतात. मीही आता दुरुस्त करायच्या फंदात पडत नाही.

या मंडळाचं काम माझ्याकडे आलं ते मुनीर सरांमुळे. मुनीर सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांना धनुष्य धरायला त्यांनी शिकवलं. दोरी कशी ओवायची, बाणाची पिसं कशी चिकटवायची, कुठला बाण कुठल्या धनुष्याला चालतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पोरं टेंभुर्णीहून, मंद्रूपहून फोन करायची आणि सर मैदानात उभे राहून प्रत्येकाला तेच तेच सांगायचे. मग सरांना एक झटका येऊन गेला. त्यातून ते बरे झाले, पण बिराजदार साहेबांची झोप उडाली. ते मला म्हणाले, "मॅडम, सर हायत तवर सगळं उतरवून घ्या. सगळ्यांना मोबाईलवर वाचता यावं, असं कायतरी करा."

मी विकी करायचं सुचवलं. विकी म्हणजे सगळ्यांची मिळून एक वही. कोणीही वाचावं, कोणीही भर घालावी, चुकलं असेल तर कोणीही दुरुस्त करावं. प्रत्येक पानाला आणखी दोन पानं जोडलेली असतात. एक 'चर्चा', तिथं हरकत घ्यायची, शंका विचारायची. दुसरं 'इतिहास', तिथं कोणी कधी काय बदललं ते आपोआप नोंदलं जातं. त्या नोंदी कोणालाही बघता येतात. विकीची सगळी मदार यावर असते की एकाच्या चुकीवर दुसरा बोट ठेवील.

पहिली कुरबूर नावावरून झाली. बिराजदार साहेबांना प्रत्येक पानावर सरांचा फोटो आणि नाव हवं होतं.

"विकीवर असं नाव घालत नाहीत, साहेब. मग ते एका माणसाचं होऊन बसतं."

"मॅडम, बिननावाचं आपल्याकडं कोण वाचतंय? सरांचं नाव बघून तर पोरं वाचतील की."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मान डोलावली. पानावर सरांचा टोपी घातलेला फोटो लागला, त्याखाली 'मार्गदर्शक : मुनीर सर'. स्वतः सर त्या फोटोकडे बघून म्हणाले, "हे कशाला? मेल्यावर लावतात तसं दिसतंय." पण काढा म्हणाले नाहीत.

सर सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. हे दिवस माझ्या कामातले सगळ्यात चांगले दिवस होते. नव्या पोरांना बांबूचं धनुष्य आणि बांबूचे बाण देतात. पुढं तयारी झाली की रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं आधुनिक धनुष्य, आणि त्याला कार्बनचे बाण. कार्बनचा बाण ही आतून पोकळ, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी असते. वजनाला काहीच नाही, पण महाग. पोरं बहुतेक वेळा दुसऱ्याने वापरलेले घेतात.

बांबूवर बोलायला लागले की सर थांबत नसत. "बांबू जित्ता असतो मॅडम. चिरला तरी सांगून चिरतो. त्याला बरा करता येतो." मग कसा, तेही सांगत. सुतार चिकटवायला वापरतात त्या सरसात भिजवलेलं सूत घ्यायचं, चादरीच्या कारखान्यातलं मिळालं तर उत्तम. तडा गेलेल्या जागेच्या दोन बोटं अलीकडून गुंडाळायला सुरुवात करायची, दोन बोटं पलीकडे जायचं, एक दिवस सावलीत वाळवायचं. सरावाला तो बाण चालतो. मी हे सगळं 'बांबूचा बाण' या पानावर लिहिलं, 'तडा गेल्यास' या मथळ्याखाली. चांगला अर्ध्या पानाचा मजकूर झाला.

'कार्बनचा बाण' या पानाच्या वेळी सरांना कुठंतरी जायचं होतं. तेही पान नीट झालं, पण त्रोटक. 'तडा गेल्यास' या मथळ्याखाली त्यांनी सांगितलेले दोनच शब्द होते. 'मोडून टाका.'

साइट सुरू झाली आणि पोरं वाचायला लागली. रोज वाचणारे वाढत होते. चर्चेची पानं मात्र कोरी. एकही हरकत नाही, एकही दुरुस्ती नाही. मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये अभिमानाने लिहिलं, 'मजकुराबद्दल कोणतीही तक्रार नाही.' पंधरा वर्षांच्या नोकरीत मला असं वाक्य लिहायला मिळालं नव्हतं.

काजलच्या अपघातानंतर दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. सतरा वर्षांची पोर. दोन महिन्यांनी राज्याच्या निवड चाचणीला जाणार होती. मंद्रूपच्या आठवडी बाजारात तिचे वडील कांदा-लसूण विकतात, घरात खेळाडू असा दुसरा कोणी नाही. डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. तिरंदाजीत उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा डावा हात धनुष्य धरतो, आणि सगळा जोर येतो तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात. बाण सुटताना त्याच्या अगदी वरून जातो. बाण तिथंच फुटला होता. कार्बनच्या बारीक काड्या बेचक्यात घुसल्या होत्या आणि अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टर टेंडन म्हणत होते.

"त्या दिवशी मैदानात कोणी नव्हतं का?" मी विचारलं.

"सर आजारी होते. मी एकटीच होते." ती छताकडे बघून बोलत होती. "एका बाणाला केसाएवढा तडा दिसला. मग पान उघडून बघितलं. सूत आमच्या शेजारच्या चाचींकडून आणलं. दोन बोटं अलीकडं, दोन बोटं पलीकडं. एक दिवस सावलीत वाळू दिला होता की मॅडम. उन्हात न्हाई ठेवला."

तिनं सगळं बरोबर केलं होतं, माझ्या पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी कोणीही आजवर केलं नव्हतं इतकं बरोबर.

पण सरांनी तर कार्बनसाठी वेगळं सांगितलं होतं. घरी येऊन मी साइट फक्त माझ्यापुरती उघडली. 'कार्बनचा बाण' हे पान नव्हतं. 'बांबूचा बाण' हेही नव्हतं. होतं ते एकच पान, 'बाणाची निगा'. मग मी इतिहास उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती. पान बघितल्याबरोबर मला सगळं आठवलं होतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये. एकीकडे बदल होतो, दुसरीकडे राहून जातो आणि घोळ होतो. बाणांच्या त्या दोन पानांवर बराचसा मजकूर सारखाच होता. बाण पुसून ठेवा, पिसं तपासा, मागची खाच तपासा, उन्हात ठेवू नका. म्हणून साइट सुरू करायच्या आधीच्या आठवड्यात मी दोन्ही पानं एकत्र केली. 'तडा गेल्यास' हा मथळा दोन्हीकडे होता. एकीकडे अर्धं पान, दुसरीकडे दोन शब्द. मला वाटलं, ती नोंद घाईत अर्धवट राहिली. मी मोठी ठेवली आणि छोटी काढून टाकली.

सरांना विचारलं नाही. पाच मिनिटांचा फोन होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात हात दुसरीचाच गेला.

इतिहासात ते जसंच्या तसं होतं. माझं नाव, दिवस, वेळ आणि शेरा. बदल करताना थोडक्यात कारण लिहायची सोय असते. मी लिहिलं होतं, 'अपुरा मजकूर काढला.'

मीटिंग बिराजदार साहेबांच्या दुकानाच्या माळ्यावर झाली. खाली लग्नसराईची गर्दी, वर कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही. साहेब, मंडळाचे दोन सभासद, काजलचे वडील, मुनीर सर आणि मी. मी लॅपटॉप घेऊन गेले होते. इतिहासाचं पान उघडून ठेवलं होतं. सांगायचं ठरवूनच गेले होते.

साइट बंद व्हायच्या आधीच साहेबांनी पानाची प्रिंट काढून ठेवली होती, ती आणली होती. वर सरांचा फोटो. त्यांनी ती सरांच्या पुढ्यात ठेवली.

"सर, कार्बनच्या बाणाला दोरा गुंडाळा असं तुमी सांगितलंच कसं?"

सरांनी चष्मा लावला आणि पूर्ण पान वाचलं. ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे शिक्षकाला ठाऊक असतं, तेव्हा बघतात तसं बघितलं. मी लॅपटॉपकडे बघत राहिले.

काजलचे वडील म्हणाले, "सर, मला त्यातलं काय बी कळत न्हाय. पोरगी म्हणली, सरांचं नाव हाय, सरांनीच सांगितलंय. म्हणून केलं तिनं."

सरांनी चष्मा काढला. "नाव माझंच हाय. चूक माझी."

खरं सांगायची जागा ती होती. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज लिहायलाही लाज वाटते. माझी इतर कामं, माझं नाव, 'टेक्निकल रायटरने पोरीचा हात घालवला' हे गावभर होणं, हे सगळं एकदम आलं. सर म्हातारे आहेत, त्यांना कोण काय बोलणार, असंही मनात येऊन गेलं. मी मूग गिळून बसले. लॅपटॉप मिटला तेव्हा टक् असा आवाज झाला आणि मला वाटलं सगळे माझ्याकडे बघतील. कोणी बघितलं नाही.

साइट बंद ठेवायची आणि सरांनी काही दिवस मैदानावर येऊ नये, असं ठरलं. हे 'काही दिवस' म्हणजे किती, ते कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात टेंभुर्णीच्या पवारांचा फोन आला. पवार तिथं मुलांना शिकवतात, स्वतः सरांचेच विद्यार्थी. साइट कधी सुरू होणार असं विचारत होते. बोलता बोलता म्हणाले, "ते बाणाचं पान चुकलेलं हाय, हे मला महिन्याभरापूर्वी दिसलं व्हतं. मी आमच्या पोरांना सांगून ठेवलं, ते तेवढं करू नका म्हणून."

"मग चर्चेच्या पानावर का नाही लिहिलंत? त्यासाठीच तर ते आहे."

"मॅडम, सरांच्या फोटोखाली मी लिवू, की सर तुमचं चुकलंय? मला धनुष्य धरायला त्यांनी शिकवलं वो."

"सरांना फोन तरी करायचा."

"तेच तर. सरांना कसं सांगायचं?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. चिडता येईना. सरांचं नाव पानावर घालायला मीच मान डोलावली होती, आणि कोऱ्या चर्चापानांचा अभिमानही मीच बाळगला होता. जिल्ह्यातल्या सगळ्या वाचकांनी सरांचा मान ठेवला. मानापोटी माणसं गप्प राहणार हे मला कळायला हवं होतं. इथं वाढलेय मी.

मीटिंगनंतर सहाव्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. सर ओट्यावर बसून एका बांबूच्या बाणाची पिसं काढत होते. आत चहा सांगितला. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"सर, ते पान तुमचं नव्हतं. दोन पानं मी एकत्र केली. तुम्ही कार्बनला 'मोडून टाका' म्हणाला होता. ते मी काढलं."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"माळ्यावर बसायच्या आदल्या दिवशी बिराजदारांनी फोनवर वाचून दाखवलं. मी असं सांगनार न्हाय, हे मला ठावं की. पण साइट बंद, बघनार कुठं? मग वाटलं, तुमी लॅपटॉप घेऊन येनार. त्यात तो इतिहास असतो. तुमीच शिकवलेला मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सरांनी बाण फिरवून उजेडात धरला. "मी काय बोलू? माझं नाव वर लिवलेलं व्हतं. नाव वर असलं की खालचं सगळं माझंच झालं. त्यो बाप समोर बसलेला. त्याला मी सांगू, माझं न्हाय, या बाईचं हाय?" मग बाण खाली ठेवून म्हणाले, "तुमी बोलाल, असं मात्र वाटलं व्हतं."

चहा आला. मी तो प्यायले कशी ते मला आठवत नाही. जाताना मी विचारलं, 'मोडून टाका' एवढंच का सांगितलं होतंत, पुढं काही का नाही सांगितलं?

"त्यात अजून काय सांगायचं?" सर म्हणाले. "फुटलेला कार्बन ठेवला की कुनीतरी वापरतोच. म्हणून मोडायचा. बांबूला लई बोलावं लागतं, कारण त्याला वाचवायचं असतं."

तिथून मी सरळ नवी पेठेत गेले. बिराजदार साहेबांना माळ्यावर इतिहासाचं पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग खालच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं.

"आता कशाला, मॅडम? सरांनी मानलंय. प्रकरण मिटलंय. आता हे काढलं की परत सगळं उकरलं जाईल."

"उकरू दे. मला कमिटीला सांगायचं आहे. आणि काजलच्या घरी."

"तुमची मर्जी." ते गठ्ठ्याची गाठ सोडायला लागले. "त्या दिवशी म्हणला असता तर बरं झालं असतं."

मी सांगितलं. कमिटीला लेखी दिलं, मंद्रूपला समक्ष गेले. काजलच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजी मी त्या म्हाताऱ्याला उगाच बोललो." काजल आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. तिच्या हाताची दोन ऑपरेशनं झाली. अंगठा वळतो, पण बेचक्यात जोर घेत नाही. धनुष्य तिनं सोडलं, सोलापुरात कॉलेजला येते. मैदानावर परत या असं सरांना रीतसर पत्र गेलं. ते आले नाहीत. तब्येतीचं कारण दिलं. पवार म्हणतात की सर घरी येणाऱ्या पोरांना अजून सांगतात, पण मोबाईल बाजूला ठेवायला लावतात.

साइट पुन्हा सुरू केली. फोटो काढले, नावं काढली. बांबूचं पान वेगळं, कार्बनचं वेगळं, आणि सारखा मजकूर दोन्हीकडे खुशाल दोनदा लिहिलेला आहे. दुधाने तोंड पोळल्यावर मी ताक फुंकून पिते आहे. वाचणारे निम्म्यावर आले आहेत. बिननावाचं कोण वाचतंय, हे साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. 'कार्बनचा बाण' या पानावर 'तडा गेल्यास' खाली दोन शब्द आहेत. मध्यंतरी मदतीला एक मुलगी घेतली होती. हुशार होती. तिनं विचारलं, "मॅडम, हे अपुरं वाटतंय, वाढवू का?" मी नको म्हटलं आणि पानाला कुलूप लावलं, आता ते माझ्याशिवाय कोणाला बदलता येत नाही.

त्याच पानाच्या चर्चेत मी काय घडलं ते सगळं लिहून ठेवलं आहे, माझ्या नावानिशी. मीटिंगमध्ये गप्प बसले, हेही. बराच मोठा मजकूर झाला. इतक्या महिन्यांत त्याखाली एकच नोंद आली. काजलची. तिनं एकच शब्द लिहिला होता. 'वाचलं.'

मी उत्तर लिहायला घेतलं होतं, चार परिच्छेद झाले, मग पुसले. पूर्वीची मी असते तर ती नोंद अपुरी म्हणून काढून टाकली असती.